बारशाची पाटी

बारशाला लोक झबली आणतात, टोपरी आणतात, चांदीचे वाळे आणतात. हल्ली बॅटरीवर टाळ्या वाजवणारं माकडही आणतात. पेडणेकर बाई पाटी आणतात. लाकडी चौकटीची, काळी, खरीखुरी पाटी. तिच्यावर खडूने एक साल लिहिलेलं असतं आणि त्याखाली 'जून'. ती पाटी बाई पाळण्यात बाळाच्या पायाशी ठेवतात, बाळाच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि मग निवांतपणे घुगऱ्या खायला बसतात.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या वसाहतीत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. बाहेरच्यांची मात्र तारांबळ उडते. शिर्क्यांच्या सुनेची आई नाशिकहून आली होती. पाळण्यात पुढचं कुठलं तरी साल लिहून ठेवलेलं बघून त्या माउलीचा चेहरा उतरला. तिने बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की त्या साली बाळाला काय आहे, काही शांत वगैरे करून घ्यायची का. बाईंनी तोंडातला घास संपवला आणि म्हणाल्या, "काही नाही हो. त्या जूनला तो माझ्या पहिलीत येतोय."

बाई आमच्या मराठी शाळेत पस्तीस वर्षं पहिलीला शिकवत होत्या. मी त्यांच्या अगदी सुरुवातीच्या एका वर्गातला. तेव्हा पहिलीच्या तीन तुकड्या असत आणि एका बाकावर चौघं बसायचे. मग बैठ्या इमारतींच्या जागी टॉवर आले, जुनी माणसं बदलापूर-डोंबिवलीकडे गेली, जी राहिली त्यांची पोरं टाय लावून बसमधून जाऊ लागली. तीन तुकड्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक. शेवटी बाईंच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना संस्थेने सांगून टाकलं, की या जूनला पहिलीत वीस मुलं बसलेली दिसली नाहीत तर वर्ग बंद.

बाईंना कुणी म्हटलं, की तुमचं तर एकच वर्ष राहिलंय, कशाला उन्हातान्हाची धावपळ करता, तर त्या सरळ विचारायच्या, "यंदा पहिली बंद केली तर पुढच्या वर्षी दुसरी कुठून आणू?"

तेव्हा बाई मुलं शोधत होत्या. तशा त्या नेहमीच शोधायच्या. लग्नात अक्षता टाकून झाल्या, की नवरानवरीकडे बघत त्यांची बोटं आपोआप हिशेब करू लागत. भाजीबाजारात एखादी पोटुशी दिसली, की पिशवी खाली ठेवून विचारत, "काय गो, कितवो म्हयनो?" ओळख असायची गरज नव्हती. समोरची भांबावून सातवा म्हणाली, की बाईंच्या हातातली वही उघडलीच.

ही वही म्हणजे लांबोडकी, पुठ्ठ्याची, रबर लावलेली. त्यात मुलाचं नाव, जन्म, पत्ता आणि शेवटी शेरा. शेरे तीनच प्रकारचे होते: 'येणार', 'नाही म्हणाले' आणि 'पाहू म्हणाले'. यातला 'पाहू म्हणाले' हा सगळ्यात वाईट शेरा, हे बाईंनीच मला एकदा समजावून सांगितलं होतं. नाही म्हणणाऱ्यांबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांचा जिना पुन्हा चढावा लागत नाही. पाहूवाल्यांनी मात्र आपले दोन्ही गुडघे घालवले, असं त्या म्हणायच्या.

त्यांच्या वर्गात हजेरीही वेगळ्याच तऱ्हेची. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही, सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. कांबळी? पोळी. मोरे? चहा-खारी. कुणी नुसताच चहा म्हणालं, की मधल्या सुट्टीत बाईंच्या डब्यातली अर्धी भाकरी गुपचूप त्याच्याकडे जायची. आम्हाला हे कळायला मोठं व्हावं लागलं. तेव्हा आम्हाला ती एक स्पर्धा वाटायची. मी सहा वर्षांचा गडी, मागे का राहीन? मी रोज शिरा सांगायचो. सोमवारी शिरा, मंगळवारी शिरा, बुधवारी केळं घालून शिरा.

दुसऱ्या आठवड्यात बाई आमच्या दारात उभ्या. आई कपडे पिळत होती. बाईंनी काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही. पाटावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या हातच्या शिऱ्याचं फार ऐकलंय. म्हटलं, बघावा तरी." घरात रवा नव्हता. आईने माझ्याकडे जे पाहिलं ते मी आजही विसरलेलो नाही. बाई चहा-चपाती खाऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव आल्यावर मी खाली मान घालून चपाती म्हणालो, आणि बाईंनी मान वर न करता पुढचं नाव घेतलं.

पुढे मी मोठा झालो, बँकेत लागलो, वसाहतीच्या मंडळाचा चिटणीस झालो. तरी बाईंसमोर माझ्या खिशात तो शिरा असतोच.

चिटणीस म्हणून मला बाईंचे फोन कमी आले, बाईंबद्दलचे जास्त. त्या शेवटच्या वर्षीच्या मार्चात आमच्या नव्या टॉवरच्या गेटवरून सुरक्षारक्षक दुबेचा फोन आला. आवाज दबका. "साहब, एक बाई आयी है. बोलती है बिल्डिंग में पाच-छे साल के कितने बच्चे है, कौनसे फ्लोर पे. पुलिस को बुलाऊ क्या?"

मी धावतच गेलो. बाई केबिनमध्ये खुर्चीवर बसलेल्या, दुबे दारात हात पसरून उभा. आलेल्या माणसांच्या रजिस्टरात बाईंनी नाव लिहिलं होतं. कोणाकडे जायचं या रकान्यात 'जिथे मूल असेल तिथे' आणि कामाच्या रकान्यात 'पहिली'. दुबेचा संशय अगदीच चुकीचा होता असं मला म्हणवेना. मी त्याला समजावत होतो तेवढ्यात बाईंनी मागून विचारलं, "तुझी पोरं कुठे असतात रे?" दुबे बेसावध होता. तो म्हणाला, एक लडकी है, अभी गाँव से आयी है, पाँच पूरे. बाईंनी वही उघडली.

आठवडाभरात खुशी दुबेचं नाव लागलं, शेरा 'येणार'. त्यानंतर दुबे बाईंना गेटवर उठून सलाम ठोकू लागला. इतकंच नाही, कुठल्या मजल्यावर पाळणा आलाय ते न विचारता सांगू लागला.

एप्रिलपर्यंत बाईंनी चौदा मुलं जमवली. इस्त्रीवाल्याची दोन, फुलवालीचा नातू, रिक्षावाल्या सावंताची मुलगी असं करत करत. सहा कमी होती.

आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या मंडळाला जाग आली. दर एक मेला आमचा सार्वजनिक सत्यनारायण असतो. त्यात यंदापासून परिसरातल्या एका उत्तम शिक्षकाला पुरस्कार द्यावा, असं आमचे अध्यक्ष तात्या परब यांच्या मनात आलं. नाव बाईंचंच येणार, यात वाद नव्हता. पण तात्या रीतसर माणूस. पुरस्कार हवा तर अर्ज हवा, अर्जाला पुरावे हवेत. मीच तो अर्ज बाईंना नेऊन दिला. दोन दिवसांनी तो परत आला. 'आपले उल्लेखनीय कार्य' या मथळ्याखाली बाईंनी एक ते चौदा आकडे घालून मुलांची नावं लिहिली होती. पुढे पंधरा ते वीस आकडे आणि त्यांच्यापुढे कोऱ्या ओळी. खाली सही.

तात्यांनी तो अर्ज चष्मा वर-खाली करून वाचला आणि म्हणाले, "हा अर्धवट भरलाय रे. परत पाठव." मी म्हटलं, तात्या, अर्धवट नाही, तेवढंच झालंय अजून. तात्यांनी त्या कोऱ्या ओळी पुन्हा एकदा मोजल्या आणि अर्जावर मंजूर असं लिहिलं.

आता माझ्या हातून काय घडलं ते सांगतो. मंडप आणि खुर्च्यांसाठी प्रायोजक बघायचं काम माझ्याकडे होतं. मला एक पटकन मिळाला. हायवेलगत नवीन निघालेली एक इंटरनॅशनल शाळा. त्यांचं म्हणणं एवढंच, की व्यासपीठावर आमची एक स्टँडी उभी राहील. मी हो म्हटलं. स्टँडीवर काय आहे ते बघायचं मला सुचलंसुद्धा नाही.

एक मेला संध्याकाळी पूजा आटोपली, आरती झाली, सव्वाशे माणसं प्रसादाचे द्रोण घेऊन खुर्च्यांवर टेकली. आणि मी व्यासपीठाकडे पाहिलं. बाईंच्या खुर्चीच्या अगदी शेजारी ती माणूसभर उंच स्टँडी. वर इंग्रजीत शाळेचं नाव, मधे टाय लावलेली तीन गोरीगोमटी मुलं हसतायत, आणि खाली ढळढळीत मराठीत: 'इयत्ता पहिली. प्रवेश सुरू.' पुढच्या रांगेत त्या शाळेच्या ब्लेझरवाल्या मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या मागच्या रांगेत माझी बायको मानसी आणि मांडीवर आमची ओवी. ओवी साडेपाच वर्षांची. जूनपासून तिची पहिली, इंग्रजी शाळेत. नाव आधीच घातलेलं.

माझी अवस्था काय झाली असेल ते विचारू नका. ज्या बाई एकेका मुलासाठी वणवण करतायत, त्यांच्या सत्काराला मी त्यांच्याच मुलांवर टपलेल्या शाळेची जाहिरात उभी केली होती. बाईंनी ती वाचली. वरून खाली, सावकाश, पेपर तपासावा तशी. मग माझ्याकडे पाहिलं. मी द्रोणातल्या प्रसादाकडे पाहिलं. तोही शिराच होता.

तात्यांनी बाईंना शाल पांघरली, श्रीफळ दिलं, सन्मानचिन्ह दिलं. बाई माइकपुढे आल्या. म्हणाल्या की फार उकडतंय, शाल जरा ठेवते. आणि खांद्यावरची शाल काढून त्यांनी ती नीट उलगडली आणि त्या स्टँडीच्या डोक्यावरून पांघरली. नाव झाकलं गेलं, टायवाली मुलं झाकली गेली. राहिलं फक्त खालचं: 'इयत्ता पहिली. प्रवेश सुरू.'

आमच्याकडे कुणाच्याही खांद्यावर शाल पडली, की टाळ्या वाजतात. हाताला सवय झालेली आहे. तात्यांनी टाळी वाजवली आणि सव्वाशे माणसांनी ती उचलून धरली. ब्लेझरवाल्या मॅडमना वाटलं, आपल्या शाळेचा सत्कार झाला. त्या उठून उभ्या राहिल्या, मागे वळल्या आणि हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. त्यावर आणखी टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर बाईंनी पर्समधून वही काढली आणि रबर सोडलं. "मंडळाने माझ्यासाठी बोर्डसुद्धा लावला, त्यांचे आभार," असं म्हणून त्या वाचू लागल्या. आधी नाव, मग शेरा. चाळकेंचा अर्णव, पाहू म्हणाले. चाळके, पाहिलंत का? माणसं खुर्च्यांत खाली सरकू लागली. चाळके उठून उभे राहिले, बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, घाला नाव. मग कदमांची जुळी. कदमांच्या आजोबांनीच बसल्या जागेवरून हात वर केला. मग तांबेंची नात. बाई पेनने शेरे बदलत होत्या आणि मी व्यासपीठाच्या कडेला उभा राहून पुढचं पान यायची वाट बघत होतो. मी वाक्यही तयार केलं होतं. ओवीचं तिकडे आधीच झालंय बाई, नाहीतर नक्की. मानसीने लांबून माझ्याकडे पाहिलं.

बाईंनी पान उलटलं, बोट खाली सरकवलं, एका ओळीवर क्षणभर थांबवलं आणि पुढचं नाव वाचलं. ओवीचं नाव त्यांनी घेतलंच नाही. मला हायसं वाटलं, ते कबूल करतो.

सगळी पांगल्यावर खुर्च्या आवरताना मला माइकखाली वही सापडली. सन्मानचिन्ह सांभाळताना बाई ती विसरल्या असाव्यात. परत द्यायला म्हणून मी ती उचलली आणि मोह आवरला नाही. ओवीचं नाव होतं. जन्म, पत्ता, सगळं. शेऱ्याच्या रकान्यात बाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'आपलेच आहेत. विचारले नाही.'

मी ती वही घेऊन रिकाम्या मंडपात बसलो. फार लाज वाटली. नाही म्हणायलासुद्धा त्यांनी मला लावलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी बाईंकडे एकोणीस मुलं होती. संस्थेचे एक गृहस्थ अकरा वाजता मोजायला येणार होते. मला रात्रीपासून एकच सुचत होतं आणि सकाळी मी ओवीला घेऊन शाळेत गेलो. तिची शाळा आठवड्याने उघडणार होती. बाई वर्गाच्या दारात उभ्या होत्या.

"बाई, आजच्यापुरती हिला बसवा. मोजणी होईपर्यंत."

बाईंनी ओवीच्या गालाला हात लावला. मग मला म्हणाल्या, "शेजारून मी साखर उसनी घेते रे. पोर नाही घेत. द्यायची तर दे. नाहीतर बाहेर बाकावर बसा दोघं."

आम्ही बाकावर बसलो.

गृहस्थ आले, खुर्चीवर बसले, घड्याळ बघितलं. बाई म्हणाल्या की आधी हजेरी होऊ दे. आणि त्यांनी हजेरी सुरू केली. सकाळी काय खाल्लं? पहिलीतल्या मुलाला पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारला तर काय होतं, ते त्या गृहस्थांना माहीत नव्हतं. अर्णव चाळकेने पोहे सांगितले, मग पोह्यांत दाणे नव्हते ते सांगितलं, मग दाणे का नव्हते ते. कदमांच्या जुळ्यांचं एकाच डोशावरून भांडण झालं. बाई कुणालाही थांबवत नव्हत्या. उलट विचारत होत्या, मग चटणी कसली होती? गृहस्थांनी तीनदा घड्याळ बघितलं आणि दोनदा चहा घेतला. ओवी खिडकीतून सगळं ऐकत होती. मधेच तिने बाहेरून ओरडून सांगितलं, "मी कॉर्नफ्लेक्स." सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "तू पाहुणी," आणि पुढे गेल्या.

एकोणिसावी खुशी दुबे. तिने पराठा म्हटलं आणि थांबली. बाईंनी विचारलं, अजून काय? खुशीने खिडकीकडे बोट दाखवलं. दुबे गणवेशातच धावत येत होता. कडेवर एक पोरगा, एका पायात चप्पल, डोळ्यांत झोप. भावाचा मुलगा, सकाळच्याच गाडीने गावाहून उतरलेला. बाईंनी त्याला खाली उतरवून घेतलं, बाकावर बसवलं आणि विचारलं की बाबा रे, काय खाल्लंस? तो म्हणाला, "कुछ नहीं." बाईंनी आपला डबा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि त्या गृहस्थांना म्हणाल्या, "वीस. आता मोजा."

वर्ग राहिला. मी ओवीला घेऊन घरी आलो आणि पुढच्या आठवड्यात तिला तिच्या बसमध्ये बसवलं. उगाच खोटं कशाला सांगू?

पुढच्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. पहिलीला नवीन तरुण बाई आल्या, त्यांना त्यांनी वर्गाच्या किल्लीबरोबर हजेरीची पद्धतही सोपवली. वही मात्र दिली नाही. मुलं आणायचं काम आपलंच, असं ठरवून टाकलं. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून त्या अजून जिने चढतात.

परवा आमच्या घरी बारसं होतं. ओवीला भाऊ झाला, ईशान. बाई काठी टेकत आल्या, पाळण्यात पायाशी पाटी ठेवली. साल लिहिलेलं, खाली जून. मग नेहमीसारख्या खायला न बसता माझ्यासमोरच खुर्ची ओढून बसल्या आणि वहीचं रबर सोडलं.

"मागच्या वेळी तुला विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तू नाही म्हणाला असतास, तर मग बाकीच्या दारांत जायचा धीर झाला नसता माका. या वेळी विचारत्येय."

इतकी वर्षं मंडळाचा चिटणीस आहे मी. तोंडाला सवय लागलेली. मी म्हणालो, "पाहू, बाई."

बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतलं. मला समोरून उलटं दिसत होतं तरी पहिलं अक्षर वाचता आलं. पा. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं, ते अक्षर खोडलं आणि माझ्या हाताने लिहिलं: 'येणार'. मानसी पाळण्याशी उभी होती. ती म्हणाली, "साल बरोबर आहे ना, ते बघ."

बाईंनी वही बंद करून रबर लावलं. सहा वर्षं गुडघे पुरवायला हवेत, असं काहीसं स्वतःशीच पुटपुटल्या. मग ओवीने आणून दिलेली बशी मांडीवर घेतली, चमच्याने चव बघितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आजचा शिरा खरा आहे."